संध्याकाळचा हिशेब कुणाच्या कानी

"हिशेब नुसता ठेवायचा नाही गं, सांगायचा. रोज दिवेलागणीला, मोठ्याने. मनातल्या मनात सांगायला लागलीस की स्वतःलाच सूट देशील. आणि सांगायचा तो तुझ्या तोंडून. दुसऱ्या कुणावर सोपवून मोकळं व्हायचं नाही. कबूल?"

सासूबाईंचा तो आवाज अजूनही तिच्या कानात होता, थोडा खरखरीत, थोडा हसरा. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा उशाखालची घरखर्चाची कापडी पिशवी त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवली आणि हे सांगितलं. तिने "कबूल" म्हटलं, आणि त्या दिवसापासून एकही संध्याकाळ चुकवली नाही.

त्या घरात भक्तीची तऱ्हाच अशी होती. नवऱ्याचा पगार, सासऱ्यांची पेन्शन, तिची मजुरी, जे काही येई ते आधी कोनाड्यातल्या देवापुढे ठेवायचं आणि मग त्याच्याकडून मागून घेतल्यासारखं उचलायचं. पैसे त्याचे, तर हिशेब त्याला नको द्यायला? म्हणून दिवा लावून झाला की ती वही उघडायची आणि वाचायची. दूध एवढ्याचं, भाजी एवढ्याची, बाबांच्या गोळ्या, लेकीच्या चपलेचा तुटलेला अंगठा, आणि मोह आवरला नाही म्हणून घेतलेला वासाचा साबण. साबणापाशी आवाज जरा खाली जायचा. शेवटी म्हणायची, "आणि उरलं ते सगळं तुझं." मग लगेच न हलता तिथेच रेंगाळायची. कामं आटोपल्यावर शेजारणीशी दारात उभं राहून बोलावं, तशी देवाशी दोन शब्द बोलायची. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले थोडेच दिवस घरी. मनातलं ऐकायला देवच काय तो हाताशी होता.

ती एका नर्सरीत कामाला होती. तिथल्या काचघरात नळ्यांमधून सारखे तुषार उडत, आणि त्या ओल्या पांढुरक्या हवेत कोवळी रोपं झोपेत उभी असल्यासारखी दिसत. पहिल्यांदा अंधुक दिसलं तेव्हा तिला वाटलं, आज तुषारच दाट झालेत. ती बाहेर आली, तर तुषारही तिच्याबरोबर बाहेर आले. रस्त्यावर आले, बसमध्ये शेजारी बसले, घरी आले. समोरच्या इमारतीतले दिवे मोठाले आणि केसाळ झाले, फुंकर घातली तर उडून जातील असे. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस तिला ते आवडलंच. जग कसं मऊ होऊन गेलं होतं. कुणाच्या कपाळावरची आठी दिसत नव्हती, भिंतीवरचा ओलीचा डाग ढगासारखा वाटत होता, आणि चालताना पाय जमिनीला लागतात की नाही असं व्हायचं.

पण वहीतले आकडे मात्र हाताला लागेनात. ओळ सोडून ते पोहायला लागले, पाण्यातल्या बारक्या माशांसारखे. धरायला जावं तर निसटायचे. एका संध्याकाळी भाजीपुढचा आकडा काही केल्या ओळखता येईना, तेव्हा तिने अंदाजाने एक सांगून टाकला. सांगितला आणि चरकली. हा हिशेब नव्हे, ही थाप. तीही कुणाला, तर त्याला!

डोळे दाखवायला हवेत हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण लेक होती ना. लेक एका छापखान्यात कामाला होती, हुशार होती, आणि आईवरच्या मायेपोटी घरातलं एकेक काम आईच्या हातून काढून घेत होती. "आई, बिलं मी भरते. आई, बँकेत मी जाते. आई, तू बस." डोळ्यांचं कळलं की "आई, हिशेबही मीच ठेवते" यायला कितीसा वेळ? घर कसंही चाललं असतं. पण मग दिवेलागणीला देवापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? दिलेल्या शब्दाचं काय?

वाट सापडली ती नर्सरीतच. झाडांना पाणी घालणारा पाणीवाला दुपारी वाफ्याच्या कडेला बसून मोबाईलशी बोलत होता आणि मोबाईल ते लिहून घेत होता.

"हा वाचूनही दाखवतो का रे?" तिने विचारलं.

"दाखवतो की. बोललेलं ऐकतो, लिहितो, वाचतो, आणि उलट उत्तर देत नाही. घरी असं कोण आहे सांगा मला?"

त्या संध्याकाळी तिने लेकीला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मोबाईलमध्ये घरखर्चाचं काही मिळतं का गं? बोललं की लिहून घेणारं?"

लेक हातातलं ताट ठेवून बघतच राहिली. "आई! तू? ॲप?"

"का? मी काय झाडाला पाणी घालायपुरतीच?"

"अगं तसं नाही. थांब, एक आहे. आमच्याकडे बऱ्याच जणी वापरतात. झकास आहे, आणि फुकट."

पलंगावर पाय पसरून बसलेल्या सासऱ्यांनी मान वळवली. त्यांचे कान, नको ते ऐकायच्या बाबतीत, भलते तिखट होते. "फुकट? मग तो ॲपवाला खातो काय? हवा?"

"आजोबा, आता सगळं फुकटच असतं."

"माझ्या वेळी फुकट फक्त सल्ला मिळायचा. तो पण वाईट असायचा."

लेक हसली आणि ॲप उतरवून घ्यायला बसली. ते एकेक विचारू लागलं. मेसेज वाचू? फोनमधली नावं बघू? तुम्ही कुठे आहात ते बघू? माइक ऐकू? बँकेचं खातं जोडू? लेकीचं बोट टपाटप पडत होतं, हो, हो, हो, हो.

"चिमणे," आजोबा म्हणाले, "लग्नातसुद्धा इतक्या वेळा हो म्हणावं लागत नाही."

पण पुढच्या संध्याकाळी तिला जे वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. दिवा लावला होता, ज्योतीभोवती मोठं सोनेरी पिसासारखं वलय पडलं होतं. मोबाईल तिने देवाशेजारी उभा करून ठेवला आणि नेहमीसारखा हिशेब सांगितला. सांगून झाल्यावर बटण दाबलं, तर एका बाईच्या आवाजात सगळा हिशेब परत आला. दूध, भाजी, गोळ्या, एकही आकडा न पोहता. तिच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ती सांगत होती आणि समोरून गप्प. आज कुणीतरी "हो, ऐकलं" म्हणत होतं. त्या अंधुक उजेडात तिला वाटलं, कोनाड्याच्या पलीकडे एक खोली आहे, तिथे सासूबाई खुर्ची टाकून बसल्या आहेत आणि मान डोलावताहेत.

त्या भरात ती रोजच्यापेक्षा जास्तच बोलली. "डोळ्यांपुढे धुकं येतं रे," तिने देवाला सांगितलं. "अक्षरं पोहतात. लेकीला कळू देऊ नकोस. ती हिशेब काढून घेईल माझ्याकडून. तेवढं सांभाळ." मोबाईल शेजारी उभाच होता. तो बंद करायचा असतो हे तिच्या गावीही नव्हतं. देवाशी बोलताना मध्येच काय बंद करायचं?

दुसऱ्या दिवशी लेक मोबाईल बघून ओरडली. "आई! काल तू सगळे पैसे कुणाला दिलेस? यात शिल्लक शून्य दाखवतंय!"

बघते तर काय, 'उरलं ते सगळं तुझं' हे त्या ॲपने निमूटपणे खर्चात टाकलं होतं. रक्कम, सगळी. कोणाला, तुझं. प्रकार, किरकोळ.

"किरकोळ!" आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "देवाला किरकोळात घातलं! सूनबाई, याला म्हणतात हिशेबनीस."

तीही हसली. लेकीने ती नोंद खोडून दिली आणि विषय संपला, असं सगळ्यांनाच वाटलं.

पुढचे काही दिवस ती तरंगतच होती. संध्याकाळची वाट बघावी इतकं ते सांगणं गोड झालं होतं. मोबाईलवर मध्येच जाड भिंगांच्या चष्म्यांची चित्रं यायला लागली, मग डोळ्यांच्या औषधांची. तिला चित्रांत काय आहे ते धड दिसतही नव्हतं. रंगीत पाखरं उडून गेल्यासारखं वाटायचं, एवढंच.

मग एका सुट्टीच्या दिवशी, हिशेब सांगून ती नुकतीच वळली होती, तोच फोन वाजला.

"नमस्कार ताई," पलीकडे एक मऊ, मधाळ आवाज. "समोरचं धूसर दिसतंय ना? अक्षरं पोहल्यासारखी वाटतात ना?"

ती जागच्या जागी थिजली. पोहतात हा तिचा शब्द. तो तिने एकाच ठिकाणी उच्चारला होता, या कोनाड्यापुढे. आणि तिच्यासारख्या बाईच्या मनात दुसरं काय येणार? तिचे डोळे भरून आले. इतक्या लवकर ऐकलंस? माणूसही धाडलास?

"हो," ती पुटपुटली. "आपल्याला कसं कळलं?"

"आमचं लक्ष असतं ताई. अजिबात काळजी करू नका. उपचाराचे पैसे आम्ही देतो, तुम्ही नंतर सावकाश फेडा. घरात कुणाला सांगायचीही गरज नाही. आत्ता तुमच्या फोनवर एक नंबर आला असेल, तेवढा मला वाचून दाखवा."

घरात कुणाला सांगायची गरज नाही! हेही तिने देवाजवळच मागितलं होतं. तिने फोन कानापासून दूर धरला, डोळ्यांजवळ नेला. आकडे आले होते खरे, पण एक जागेवर राहील तर शपथ. "थांबा हं जरा," ती म्हणाली, "मला नीट दिसत नाहीये. लेकीला बोलावते वाचायला."

"नको, नको ताई, लेकीला कशाला—"

पण हाक गेली होती. लेक ओल्या हातानेच आली, आईचा चेहरा बघितला, फोन घेतला. "कोण बोलतंय?" क्षणभर ऐकलं. तिचा चेहरा उतरत गेला. "कसले डोळे? कुणाचे? पुन्हा या नंबरवर फोन करायचा नाही," असं म्हणून तिने फोन कापला.

आजोबा पलंगावर उठून बसले.

"आई," लेक हळू म्हणाली, "तुला दिसत नाहीये?"

"दिसतं. थोडं मऊ दिसतं, इतकंच."

"मऊ! किती दिवस? आणि मला नाही सांगितलंस? त्या परक्या माणसाला माहीत, मला नाही?"

"मी त्याला नाही सांगितलं गं. मी देवाला सांगितलं." आणि हे बोलताना तिच्या ध्यानात आलं. ती कोनाड्याकडे वळली. देवाशेजारी मोबाईल ठेवायची जागा रिकामी होती. रोज संध्याकाळी तिथे कोण उभं राहून ऐकत होतं ते आता तिला कळलं. लाजेने तिचे कान तापले. आपण देवाच्या शेजारी नेऊन कुणाला बसवलं!

लेकीने ॲपची ती बारीक अक्षरांची लांबलचक पानं उघडली. हो, हो करताना जी वाचलीच नव्हती ती. तळाशी कुठेतरी लिहिलं होतं की तुमच्या नोंदी आणि तुमचं बोलणं आम्ही आमच्या सहकारी कंपन्यांना देऊ शकतो. कर्ज देणाऱ्याही त्यातच होत्या. लेकीने डोकं धरलं. "यात माझीच चूक आहे. मीच सगळ्याला हो म्हटलं."

मग तिने भराभर कामं उरकली. आधी ॲपमधलं खातं पुसायला लावलं, दिलेल्या परवानग्या काढून घेतल्या, आणि मगच ते ॲप फोनवरून उडवलं. बँकेत फोन करून कळवलं, पासवर्ड बदलला. हे होईस्तोवर आई भिंतीला टेकून बसली होती. पुढचं वाक्य काय येणार ते तिला ठाऊक होतं, आणि ते आलंच.

"आता हिशेब माझ्याकडे दे, आई. तू कशाला त्रास करून घेतेस?"

"नाही," ती म्हणाली. आवाज वर न चढवता, जसा ती सगळंच बोलायची तसा. "डोळे नेलेस तरी चालेल. हिशेब नको नेऊस. तुझ्या आजीला शब्द दिलाय, माझ्या तोंडून सांगेन म्हणून. रोजचं एवढंच काय ते माझं आहे गं. बाकी सगळं त्याचं आणि तुमचं."

आजोबांनी खाकरून घसा साफ केला. "चिमणे, तुझी आजी मला दमडीचा हिशेब ठेवू देत नव्हती. मीही फार आग्रह धरला नाही. तू पण धरू नकोस."

"मग काय करायचं आजोबा? पुन्हा ॲप?"

"दुकानात कुंडी घेताना तुझी आई बुडाला भोक आहे का बघते, ठोकून आवाज ऐकते, मग घेते. ॲप काय पहिल्याच टोपलीतलं उचलायचं?"

आणि मग ते तिघं खरंच ॲप ठोकून बघायला बसले. लेक वाचायची आणि ती विचारायची. खिडकीतून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड जमिनीवर दुधासारखा सांडला होता.

"हे चांगलं आहे, आई. नावाजलेलं आहे, जाहिराती नाहीत."

"किंमत?"

"दर महिन्याला द्यायचे."

"दर महिन्याला? हिशेब ठेवायचा खर्चच हिशेबात सगळ्यात वर यायचा. पुढे."

"हे स्वस्त आहे. पण बँकेचा पासवर्ड मागतंय."

"घराची किल्ली मागणारा पाहुणा नको. पुढे."

"हे बघ, याला फोनमधली सगळी नावं हवीत."

"भाजी लिहायला माझ्या नणंदेचा नंबर कशाला?" तिने विचारलं.

"तिला कळलं तर ती येऊन राहील," आजोबा म्हणाले.

शेवटी एक सापडलं. दिसायला साधं, जरा जुनाटच. एकदाच पैसे द्यायचे, एका बऱ्यापैकी कुंडीच्या किमतीएवढे. खातं उघडा म्हणत नव्हतं, बँक मागत नव्हतं. लिहिलेलं सगळं फोनमध्येच ठेवतो, बाहेर पाठवत नाही, असा त्याचा दावा होता. कुलूप लावायची सोय होती, आणि फोनचा वाचून दाखवणारा आवाज त्यात नीट चालत होता. माइक बटण दाबून धरलं तरच उघडा, बोट उचललं की बंद.

"दावा कुणीही करेल," ती म्हणाली.

आता लेक शहाणी झाली होती. वापरणाऱ्यांनी काय काय लिहिलंय, त्यातली चांगलीही आणि शिव्या घातलेलीही मतं तिने वाचून दाखवली. मग फोनचं इंटरनेट बंद केलं. "बघू चालतंय का. आणि पैसे भरायच्या आधी थोडे दिवस वापरून बघायची मुभा आहे. खरे आकडे नकोत, खोटे घालू."

"माझ्या नावावर एक हत्ती लिहा," आजोबा म्हणाले.

तिने बटण दाबून धरलं. "बाबांचा हत्ती." बोट उचललं. "आणि उरलं ते सगळं तुझं," हे मुद्दाम मोठ्याने म्हटलं. फोनने फक्त हत्ती लिहिला, आणि विचारल्यावर तेवढाच वाचून दाखवला. पुढचे दिवस त्या ॲपात हत्तीचा चारा, हत्तीची झूल, हत्तीला मफलर असा खर्च पडत राहिला. हत्तीची एकही जाहिरात आली नाही, कुठल्याही मधाळ आवाजाने हत्तीची चौकशी केली नाही. तेव्हा लेकीने हत्ती पुसला आणि पैसे भरले.

"कुलपाचा आकडा तूच ठरव," लेक म्हणाली आणि पाठ फिरवून उभी राहिली. "मला सांगू नकोस. मी बघणार नाही. फक्त कधी अडलीस तर हाक मार."

त्या दिवशी दिवेलागणीला मोबाईल स्वयंपाकघरातच राहिला. तिथे तिने त्याच्याकडून आकडे ऐकून घेतले, ओठांनी पुन्हा पुन्हा म्हणत पाठ केले, आणि मग रिकाम्या हातांनी कोनाड्यापुढे गेली. तिथे जे सांगितलं ते तिने आणि देवाने ऐकलं. उत्तर आलं नाही. ती शांतता तिला पूर्वीपेक्षा भरल्यासारखी वाटली. बाकीचं बोलणं मात्र तिने दुसरीकडे वळवलं. ती लेकीच्या शेजारी जाऊन बसली आणि तिला सांगितलं, दिवे कसे दिसतात, आकडे कसे पळतात, बसच्या पायरीवर कशी भीती वाटते. लेक तिचा हात हातात धरून ऐकत राहिली.

"हिशेब तुझा," शेवटी लेक म्हणाली. "पण डोळे दाखवायचे. उद्या. मी येऊ?"

"नको. छापखान्यात खाडा होईल. मी जाते एकटी."

"नक्की? देवाला सांगून टाळशील."

"तुला सांगतेय ना? जाते."

सकाळी ती लवकर उठली. ॲपात नवीन रकाना उघडून तिने बटण दाबून धरलं, "डोळे" एवढंच म्हणाली, आणि त्यात जाण्यायेण्याचे आणि तपासणीचे पैसे बाजूला काढले. आजोबा झोपेचं सोंग घेऊन पडले होते. एक डोळा अर्धा उघडा होता. तिने दार आवाज न करता ओढून घेतलं.

रस्ता पांढुरका होता, झाडं कडेने वितळल्यासारखी. थांब्यावर एक बाई उभी होती, तिच्या अंगावरचा हिरवा रंग तेवढा कळत होता. लांबून काहीतरी मोठं, लालसर, हळूहळू जवळ येऊ लागलं. कपाळावरचा नंबर ओळखायचा तिने एकदा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

"बाई," ती म्हणाली, "मला नीट दिसत नाही हो. डोळ्यांच्या दवाखान्याकडे जाणारी गाडी हीच का?"

"हीच," ती बाई म्हणाली. "या, पायरी जरा उंच आहे."

तिने दांडा चाचपला, घट्ट धरला आणि पाय उचलला.